संगणकातील मराठी : एक दुर्लक्षित सोय



लिपी हरवली म्हणजे काय होते, हे नांदेड-लातूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातील जुनी दप्तरे पुन्हा उघडली. कागद होता, शाई शाबूत होती. वाचणारे मात्र थोडे. मोडी लावणारे आणि जुनी उर्दू वाचणारे लोक शोधावे लागले. त्या नोंदींवरून जो वाद झाला, त्यात मला आज शिरावयाचे नाही. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, पणजोबांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेले पणतवाला वाचता येऊ नये, ही गोष्ट शंभर वर्षांच्या आत घडू शकते. ती आज आपल्या हातून पुन्हा घडत आहे. आणि जी टाळण्याची सोय ज्या यंत्रात आहे, त्याच यंत्रासमोर बसून आपण ती घडवीत आहो.

हैदराबाद संस्थानात कचेरी व न्यायालय यांची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच. एका देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण मराठी बोलणाऱ्या मुलाला ती देशी भाषाही परकीच होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. इतक्या वळणांनी मराठी आपल्या कचेरीत पोचली.

ती पोचली टंकलेखन यंत्रावर बसून. त्या यंत्राच्या कळा मोजक्या. तेवढ्यात बाराखडी आणि जोडाक्षरे कशी मावणार? म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले : अर्धा भाग या कळीवर, काना त्या कळीवर, आणि बोटांनी ते जुळवावयाचे. टंकलेखकाला अक्षर नव्हे, अक्षराचे चित्र काढावे लागे. टंकलेखन शिकवणाऱ्या संस्थांतून तरुणांच्या पिढ्या हेच वळण गिरवून नोकरीला लागल्या. हे वळण लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यावरच फिरते.

संगणक आला तेव्हा काही जाणत्यांच्या ध्यानात आले की, या यंत्राला चित्र काढावयाची गरजच नाही. त्याला ‘क’, मग ‘हलन्त’, मग ‘ष’ एवढे सांगावे; त्याचा ‘क्ष’ कसा दिसावा हे त्याचे ते पाहील. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये या विचारावर काम झाले; मोहन तांबे हे त्यातील एक प्रमुख नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तेथे हे काम पुढे गेले. ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची रचना १९८६ साली ठरली आणि १९९१ साली भारतीय मानकात तिला जागा मिळाली.

तिची मांडणी पाहिली म्हणजे पाणिनीच्या देशातील माणसांनी ती केली आहे हे लगेच कळते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’ च्या कळीवर ‘क’. तीच कळ शिफ्ट धरून दाबली की ‘ख’. ‘एच’ वर ‘प’, शिफ्टने ‘फ’. अल्पप्राण खाली, महाप्राण वर. ‘लातूर’ लिहावयाचे तर एन, ई, एल, टी, जे या पाच कळा पुरतात. उच्चार ज्या क्रमाने, कळाही त्याच क्रमाने. आपल्या भागाला याहूनही मोलाची गोष्ट पुढेच आहे. हीच रचना कानडी, तेलुगू आणि गुरुमुखीलाही लागू आहे. देगलूर-बिलोलीच्या बाजाराला तेलुगू लागते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी. मराठी एकदा बोटांत बसली की या तिन्ही लिप्यांचा ‘क’ त्याच कळीवर सापडतो.

१९९१ मध्येच युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरी आली. तिचा पाया भारतीय संकेताचाच होता. ‘विंडोज २०००’ मध्ये मराठीची सोय आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच होता. मात्र ‘एक्सपी’ पर्यंत ही सोय आत कुठेतरी एका चौकटीत खूण करून जागी करावी लागे आणि बहुधा मूळ तबकडीही लागे. ती तबकडी सापडे कोणाला! २००७ च्या ‘व्हिस्टा’ पासून तोही अडसर गेला.

मग आपण ती वापरली का नाही? लोक आळशी होते असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. छापखान्यात पाने लावणाऱ्या कार्यक्रमांना बरीच वर्षे युनिकोड कळत नसे, आणि टंकलेखकाची बोटे जुन्या वळणावर पक्की झालेली होती. ‘कृतिदेव’ सारखे अक्षरसंच त्याच वळणाने चालत. पण त्यांतील युक्ती काय होती? इंग्रजी अक्षरांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवावयाचे. आपण ‘मराठी’ लिहितो. यंत्र मात्र ‘ई, जे, के, बी, एच’ एवढेच साठवते. मुखवटा असलेल्या संगणकावर सर्व ठीक. तो नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडा, तेथे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. कागदावर छापले तर सुंदर; पण शोधू म्हटले तर ‘मराठी’ हा शब्द त्यात कोठेही नाही.

हे दुःख केवळ विद्वानांचे नाही. २०१६ साली केंद्र सरकारने आदेश काढला की, देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही भाषा दिसल्या पाहिजेत. २०१७ साली गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय केली. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही फोनच्या सेटिंगमध्ये असते. लातूरला शिकावयास आलेल्या अंध मुलाला कोणी मुखवट्याच्या मराठीतल्या टिपणांची फाईल दिली, तर त्याचा फोन ‘ई, जे, के’ असेच काहीतरी वाचीत बसणार. तोच मजकूर खऱ्या मराठीत असेल तर त्याला तो सरळ ऐकता येतो.

सोय उघडण्यास पाच मिनिटे पुरतात. संगणकाच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी घालावयाची. मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहिणे जमते, त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये तसाही कळफलक आहे. फोनवर कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडावी आणि माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलावे. वडीलधाऱ्या मंडळींना हे शेवटचे विशेष आवडते असा माझा अनुभव आहे.

मीही या चुकीतून सुटलेलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दहा वर्षांनी किल्लारीच्या परिसरातील काही वृद्धांच्या आठवणी मी ऐकल्या आणि एका दुकानात टंकलिखित करून घेतल्या. अलीकडे ती फाईल उघडली तेव्हा पानेच्या पाने रोमन अक्षरांची. सांगणारे बहुतेक आता नाहीत. अक्षरसंचाचे नाव सुदैवाने वहीत टिपलेले होते, म्हणून रूपांतर करणाऱ्या एका कार्यक्रमातून तो मजकूर बाहेर काढता आला. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतले ‘र’ हाताने दुरुस्त करावे लागले. दोन संध्याकाळी गेल्या. आता ‘किल्लारी’ असे लिहून शोधले की त्या आठवणी एकेक करून समोर येतात. दुसरी एक फाईल अजून तशीच आहे. तिच्या अक्षरसंचाचे नाव मी लिहून ठेवले नव्हते, आणि ते दुकान बंद झाले आहे.