वैनगंगेकाठचा उन्हाळा आणि पानावरची फवारणी

वडशाहून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी. उन्हाळ्यात तिथला पारा 45 च्या पुढे जातो, हे आता बातम्यांमुळे सगळ्यांना पाठ झालंय. अशा उन्हात इथल्या माणसानं भाजी पिकवली कशी, ते आज आपण बघू.

जुनं उत्तर नदीतच होतं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला. ढिवर लोक नदीकाठच्या वाळूत खरबूज-काकडी लावतात, अशी त्यात नोंद आहे. वाळू वरून तापते, खाली ओल असते. मुळाला पाणी मिळालं की पान ते वाफेनं बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. वेलाला हे जमतं. टमाटराचं दुखणं मात्र फुलात आहे. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रही गरम, की परागकण वांझ होतात, फूल गळतं.

मग फवारणी आली कुठून? 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री यानं पिवळ्या पडलेल्या झाडांच्या पानांना लोहक्षाराचं पाणी लावलं आणि पानं हिरवी झाली. पुढे 1950 च्या दशकात मिशिगनमध्ये टुकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी अन्नद्रव्यं पानावर लावून त्यांचा झाडातला प्रवास मोजला. पान खातं हे ठरलं. पण थोडंच खातं. बाटलीवरच्या जाहिरातीत नेमकं हे दुसरं वाक्य नसतं!

केओलिनची गोष्ट निराळी. ही पांढरी माती झाडाला काही खाऊ घालत नाही, ऊन परतवते. आपण उन्हाळ्यात छपराला चुना मारतो, तसंच. 1990 च्या दशकात अमेरिकेत सफरचंदाच्या बागांत तिच्यावर बरंच काम झालं.

आपल्याकडे दुकानात मिळतं ते 13-0-45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पानाची रंध्रं उघडण्या-मिटण्याचं काम पोटॅशवर चालतं, म्हणून त्याचा उपयोग. लिटरला 10 ग्रॅम म्हणजे एक टक्का. फवारायचं ते फुलोऱ्याच्या आधी आणि ऊन उतरल्यावर. मेलेले परागकण कुठल्याच औषधानं जिवंत होत नाहीत. भर दुपारी मारलं तर थेंब सुकतो, क्षार उरतो आणि पान करपतं.

आणि मुळाशी ओलच नसेल तर? ज्याची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, त्यानं आमच्या मते आधी धानाचं तणीस झाडाबुडी अंथरावं. वडशाच्या शिवारात त्याला काही तोटा नाही.