मॅजेस्टिक: जिथे सिनेमा पहिल्यांदा बोलला

आज आपण गिरगावात चाललोय. चर्नी रोड स्टेशनला उतरायचं आणि जगन्नाथ शंकरशेट रोडवर यायचं. तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर दिसेल. आत दुकानं, ऑफिसं, लिफ्टची रांग. त्यात विशेष असं काही नाही. पण याच जागेवर एकेकाळी मॅजेस्टिक सिनेमा होता.

तारीख १४ मार्च १९३१. त्या दिवशी मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट. त्याआधी पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची. आता ती बोलणार, गाणार म्हटल्यावर गिरगावात ही गर्दी! पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं, असं सांगतात. आणि रांग लावायची पद्धत तेव्हा फारशी नव्हतीच, म्हणजे खिडकीवर काय झालं असेल याचा विचार करा.

सिनेमा काढला होता अर्देशीर इराणींनी. मॅजेस्टिक त्यांच्या भागीदारीतलंच थिएटर. त्यांचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा शूटिंग करावं, तर मधूनच गाडी धडधडत जायची. आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर उतरायचं, त्यामुळे नंतर दुरुस्ती करायची सोय नाही. मग काय, रात्री गाड्या थांबल्या की काम सुरू! माइक कुठेतरी लपवून ठेवायचे आणि नटांनी त्याच्या आसपास राहून बोलायचं. हिरो होते आपले मास्टर विठ्ठल, हिरॉइन झुबेदा. गाणी सात.

आता खरी हुरहूर लावणारी गोष्ट ऐका. आज 'आलम आरा'ची एकही प्रिंट उपलब्ध नाही. गाण्यांच्या रेकॉर्डही तेव्हा निघाल्या नव्हत्या. काही फोटो आणि छापील कागद, एवढंच शिल्लक. म्हणजे ज्या आवाजासाठी लोकांनी ढकलाढकली केली, तो आवाज गेला. आणि तो जिथे घुमला, त्या भिंतीही पाडल्या गेल्या.

मग उरलं काय? नाव! १९४२ साली केशवराव कोठावळे यांनी या थिएटरच्या आसऱ्याने पुस्तकांचं दुकान थाटलं आणि त्याचं नाव ठेवलं मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढे त्यातूनच मॅजेस्टिक प्रकाशन उभं राहिलं. 'मॅजेस्टिक गप्पा' ऐकल्यात ना? ते नाव मूळचं या सिनेमागृहाचं.

शॉपिंग सेंटर उभारणाऱ्यांनीही नाव तेच ठेवलं. पण नुसतं नाव वाचून, इथे काय घडलं हे कुणाला कसं कळणार? सिनेमा वाचवायची वेळ निघून गेली, थिएटरचीही गेली. पण तुमच्या भागात एखादं जुनं थिएटर अजून उभं असेल, तर या रविवारी मोबाइल घेऊन जा. दोन फोटो काढा. डोअरकीपर काकांशी बोला आणि त्यांना विचारून त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. 'आलम आरा'च्या वेळी हे करायचं राहून गेलं. तुमच्याकडे तर रेकॉर्डर खिशातच आहे.

भेटू पुढच्या भागात!