डॉक्टरांचे कागदकाम : केसपेपरपासून एआयपर्यंत

"डॉक्टर हल्ली आमच्याकडे बघतच नाहीत, कॉम्प्युटरकडेच बघतात." ही तक्रार आता आपल्याकडेही ऐकू येते. अमेरिकेत ती जुनी आहे. २०१२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सात वर्षांच्या मुलीने खडूने काढलेले एक चित्र छापून आले होते. त्यात तपासणीच्या टेबलावर ती स्वतः आहे, शेजारी आई आणि बहिणी आहेत. डॉक्टर मात्र सगळ्यांकडे पाठ करून की-बोर्डवर टाइप करत बसले आहेत.

आता एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, डॉक्टरांना या टायपिंगमधून सोडवेल असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे ते समजण्यासाठी आधी हे कागदकाम आले कुठून, हे पाहायला हवे. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, कारण कागदाचा भार तिथे सर्वात जास्त वाढला आणि त्यावरचे उपायही तिथेच आधी करून पाहिले गेले.

आठवणीसाठी लिहिलेला कागद

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक डॉक्टर एका जाड वहीत त्या दिवशी आलेल्या रुग्णांच्या नोंदी ओळीने लिहीत. तोच रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा आला, की मागची पाने चाळायची. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले असेल तर त्यांची वही शोधायची. मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये ही पद्धत मोडली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच फाइल. कुठल्याही डॉक्टरने तपासले तरी नोंद त्याच फाइलमध्ये. आज आपण ज्याला केसपेपर म्हणतो त्यामागची कल्पना हीच आहे.

पुढे १९६८ मध्ये डॉ. लॉरेन्स वीड यांनी नोंद कशी लिहावी याला शिस्त लावली. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, डॉक्टरांना काय वाटते आणि पुढे काय करायचे, असे चार भाग त्यांनी केले. वैद्यकीय विद्यार्थी आजही याच क्रमाने लिहायला शिकतात. नोंद नीट असेल तर विचार नीट होतो, असे वीड यांचे म्हणणे होते. तोपर्यंत कागद डॉक्टरांसाठी आणि रुग्णासाठीच लिहिला जात होता.

बिलासाठी लिहिलेला कागद

याच सुमारास कागदाला तिसरा वाचक मिळाला. १९६५ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना सुरू झाल्या. खासगी विमा आधीपासून होताच. पैसे देणारा तिसरा पक्ष आला, की तो पुरावा मागणार. लगेच १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक वैद्यकीय कामाला सांकेतिक क्रमांक देणारी यादी काढली. १९९५ आणि १९९७ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी तर बिलाची पातळी ठरवायला नोंदीतले मुद्दे मोजायला लावले. किती लक्षणे विचारली, शरीराचे किती भाग तपासले, याच्या बेरजेवर फी ठरू लागली.

मोठ्या रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग असतो. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात हे काम डॉक्टर, रिसेप्शनिस्ट आणि फार तर एखादा कारकून यांच्यावर येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील ओंटारिओ प्रांत आणि अमेरिका यांची तुलना केली होती. विमा कंपन्यांशी व्यवहार करण्यावर अमेरिकेत एका डॉक्टरमागे वर्षाला सुमारे ८३,००० डॉलर खर्च होत होता. एकच सरकारी विमा असलेल्या ओंटारिओत हाच खर्च सुमारे २२,००० डॉलर होता.

त्याचा परिणाम दिसतो. स्वतंत्र प्रॅक्टिसमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांचे प्रमाण २०१२ मध्ये सुमारे ६० टक्के होते, ते २०२४ मध्ये ४२ टक्क्यांवर आले. दवाखाना विकून मोठ्या समूहात जाण्याची जी प्रमुख कारणे डॉक्टरांनी सांगितली, त्यात कागदकाम आणि नियमांचा भार हे एक होते.

संगणक आला, काम वाढले

२००९ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना अनुदान दिले. मेडिकेअरमधून पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत मिळू शकत होते आणि २०१५ पासून नोंदी न ठेवणाऱ्यांचे पैसे कापले जाऊ लागले. नोंदी संगणकावर गेल्या. अक्षर वाचता येऊ लागले, औषधांच्या चुका पकडता येऊ लागल्या, हे फायदे खरे आहेत. पण २०१६ च्या एका अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाची घड्याळ लावून नोंद केली, तेव्हा रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचे दिसले. शिवाय घरी गेल्यावर रात्री एक-दोन तास वेगळेच. या वेळेला तिकडे 'पायजमा टाइम' असे नावच पडले.

दोष संगणकाचा होता का? २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर वापरूनही अमेरिकेतल्या नोंदी इतर देशांतल्या नोंदींपेक्षा सरासरी जवळपास चौपट लांब असतात. यंत्र तेच, मग फरक कुठून आला? संशोधकांनी बोट ठेवले ते तिथल्या बिलाच्या आणि नियमांच्या मागण्यांवर. २०२१ पासून बाह्यरुग्ण तपासणीसाठी मुद्दे मोजण्याचा नियम सैल करण्यात आला, तो याच अनुभवातून.

ऐकून लिहिणारे

बोलायचे डॉक्टरने आणि लिहायचे दुसऱ्याने, ही कल्पना नवी नाही. अमेरिकन डॉक्टर अनेक दशके टेपवर नोंदी सांगत आणि टंकलेखक त्या उतरवून काढत. १९९० च्या दशकापासून हे काम भारतातही आले. तिकडे रात्र झाली, की इकडे तरुण मुले-मुली हेडफोन लावून बसत आणि तिकडच्या सकाळपर्यंत नोंद तयार होत असे. पुढे काही अमेरिकन दवाखान्यांनी तपासणीच्या खोलीतच लेखनिक बसवले. पण त्याचा पगार छोट्या दवाखान्याला परवडणारा नव्हता.

आजचे एआय हे काम करते. टेबलावरचा फोन डॉक्टर-रुग्णाचे बोलणे ऐकतो आणि त्यातून नोंदीचा मसुदा तयार करतो. आधीच्या श्रुतलेखन सॉफ्टवेअरला डॉक्टरने शब्द न् शब्द सांगावा लागे. इथे गप्पांमधून कामाचे तेवढे वेचले जाते. अपॉइंटमेंटची आठवण, विमा कंपनीला पत्र, सांकेतिक क्रमांक सुचवणे ही कामेही एआय करते.

उपयोग होतो का? कैसर परमनेंटेच्या उत्तर कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी ऑक्टोबर २०२३ पासून सुमारे चौदा महिन्यांत २५ लाखांहून अधिक भेटींत हे साधन वापरले आणि लेखनाचे सुमारे १५,८०० तास वाचले, असे त्यांनी जाहीर केले. आकडा मोठा वाटतो, पण भागाकार केला तर एका भेटीमागे सुमारे २२ सेकंद येतात. तरीही डॉक्टर खूश होते आणि जवळपास निम्म्या रुग्णांना डॉक्टर स्क्रीनकडे कमी बघतात असे जाणवले. म्हणजे वेळ थोडाच वाचला, पण लक्ष परत आले. हा फायदा लहान नाही.

धोकेही आहेत. बोलणे लिहून काढणाऱ्या एका लोकप्रिय एआय प्रणालीचा अभ्यास २०२४ मध्ये झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखी रूपात कुणीच न बोललेली वाक्ये आढळली. केसपेपरवर असे एक वाक्यही महागात पडू शकते.

वाचलेला वेळ कुणाचा?

शंभर वर्षांच्या या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लिहिणे सोपे झाले, की जास्त लिहून मागितले जाते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या २०२४ च्या पाहणीनुसार एका डॉक्टरमागे आठवड्याला सरासरी ३९ पूर्वमंजुरीचे अर्ज करावे लागतात आणि डॉक्टर व कर्मचाऱ्यांचे मिळून १३ तास त्यात जातात. एआय हे अर्ज पटापट लिहील. पण पलीकडेही यंत्रच आहे. एका मोठ्या विमा कंपनीत २०२२ च्या दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक क्लेम सरासरी १.२ सेकंदांत नाकारले गेले, अशी बातमी 'प्रोपब्लिका'ने २०२३ मध्ये दिली होती. कंपनीने ती एकतर्फी असल्याचे म्हटले. पण एका यंत्राने अर्ज लिहायचा आणि दुसऱ्याने नाकारायचा, असे होऊ लागले तर रुग्ण मधेच लटकतो. नियम कमी झाल्याशिवाय नुसत्या यंत्राने हा भार उतरत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. आपला रुग्ण खिशातून पैसे देतो आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेतो. त्यामुळे साध्या ओपीडीत अमेरिकेइतके कागदकाम नाही. पण छोट्या नर्सिंग होममध्ये कॅशलेस विमा, जैविक कचऱ्याच्या नोंदी आणि भरती रुग्णांचे किमान तीन वर्षे जपायचे कागद आहेतच. सोनोग्राफी करणाऱ्यांना तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालचा एफ फॉर्म प्रत्येक गर्भवतीसाठी भरावा लागतो. तो अपुरा भरणे हा केवळ कारकुनी दोष मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. असा फॉर्म एआयने भरला, तरी सही आणि जबाबदारी डॉक्टरचीच.

म्हणून छोट्या दवाखान्याने सुरुवात अपॉइंटमेंट, फोनवरची आठवण, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा अशा कामांपासून करावी. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा आपला रुग्ण यंत्राला नीट कळतो का, ते आधी तपासावे. संभाषण रेकॉर्ड करण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यावी आणि ध्वनिफीत कुठे साठते ते विचारून घ्यावे. मसुदा वाचल्याशिवाय सही करू नये.

रुग्णांनीही टेबलावर असा फोन दिसला तर संकोच न करता विचारावे : हे कोण ऐकते आहे, आणि लिहिलेले तुम्ही वाचणार ना? नको वाटले तर नाही म्हणावे. आणि वाचलेल्या वेळात जादा दोन रुग्ण घ्यायचे, की समोरच्या रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारायचा, हे अजून तरी स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरच्याच हातात आहे.