बंदर बंद असतानाचा किनारा

कोकणच्या किनाऱ्याने गरिबाचा प्रवास दोन गोष्टींवर चालायचा: आगबोटीचं डेकचं तिकीट आणि स्वतःचे पाय. बोट वर्षातले आठ महिने मिळायची, पाय बाराही महिने वापरावे लागायचे. आगबोटींबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. बोटी बंद असत त्या चार महिन्यांबद्दल मात्र फार कमी लिहिलेलं सापडतं. मला लिहायचं आहे ते त्या महिन्यांबद्दल, कारण माझ्या आजीच्या सगळ्या गोष्टी पावसाळ्यातल्या होत्या.

मी भिलाईची. वडील 1959 साली, पहिली झोतभट्टी सुरू झाली त्या वर्षी, देवगडकडच्या एका गावातून इथल्या पोलाद कारखान्यात आले. पुढे मीही त्याच कारखान्यात, प्लेट मिलच्या चाचणी प्रयोगशाळेत नोकरी केली. जहाजांना लागणाऱ्या पोलादी प्लेटा इथे लाटल्या जातात. 2022 साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'च्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे. पोलादाचा तुकडा शून्याखाली थंड करायचा, त्यावर हातोड्याचा फटका घालायचा आणि तो कसा मोडतो ते नोंदवायचं, हे माझं काम. इथून कोकणचा समुद्र हजारेक किलोमीटरवर. निवृत्त झाल्यावर ठरवलं, की आजी ज्या वाटेने ये-जा करायची तो किनारा पाठीवर सॅक घेऊन, एसटी, तर आणि पायी असा पाहायचा, आणि तोही पावसातच. पावसात खोल्या निम्म्या भाड्यात मिळतात, हेही एक कारण होतंच.

आजीच्या वेळी मुंबईहून निघालेली बोट हरेश्वर, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, दूर उभी राहायची. मग पडाव यायचे, आणि हलत्या पडावात ट्रंक, वळकट्या, कोंबड्या, लेकरं उतरवली जायची. डेकवर ज्याने आधी घोंगडी पसरली त्याची जागा. बोट लागू नये म्हणून आजी लिंबू जवळ ठेवायची. गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्याला परवडणारा हाच एक रस्ता होता. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत राहून वाचवलेले पैसे याच बोटीने गावी पोहोचायचे.

मे संपत आला की बंदर बंद. दक्षिणेकडच्या बोटी थांबायच्या त्या नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळेपर्यंत. ही बंदी सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी कोळ्यांनी आणि तांडेलांनी स्वतःवर घालून घेतली होती. त्या काळात मुंबईत कोणी आजारी पडलं, गावात कोणी गेलं, तर घाट चढायचा. आमच्याकडची माणसं फोंडाघाटाने वर जाऊन कोल्हापूर गाठत. कोल्हापूरला 1891 साली रेल्वे आली होती; तिथून मिरज, पुणे आणि मग मुंबई. आजी हा घाट पावसात पायी चढली होती, डोक्यावर इरलं आणि कडेवर माझी आत्या. छत्तीसगडात शेतात वाकलेल्या बायाबापड्यांच्या डोक्यावर मी बांबूची खुमरी पाहते तेव्हा मला ते इरलं आठवतं.

मुंबई बंदराच्या आतली, रेवस-धरमतरची वाहतूक मात्र पावसातही चालू राहायची. उरण-अलिबागच्या माणसाला ती सोय होती, आणि आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा घाला तिथेच पडला. 17 जुलै 1947, गुरुवार. दुसऱ्या दिवशी दिव्याची अवस संपणार, श्रावण लागणार, म्हणून माणसं घरी निघालेली. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. स्वदेशीच्या लाटेत उभी राहिलेली ही कंपनी लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्याने बोट कलली. उतारू एका अंगाला धावले आणि कललेली बोट पुन्हा सावरली नाही. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. सकाळी घडलेलं मुंबईला संध्याकाळी कळलं. जी वाचली त्यांतली बरीच रेवसकडच्या कोळ्यांच्या मचव्यांनी वाचवली.

'रामदास' 1936 साली इंग्लंडमध्ये बांधलेली, म्हणजे जुनी नव्हती. आयुष्यभर पोलाद तपासलेली मी, ही हकीकत वाचताना प्रत्येक वेळी त्याच मुद्द्याशी अडते. पत्रा फुटून ती बुडाली नाही, तोल जाऊन बुडाली. प्लेट कितीही चांगली असली तरी वरच्या डेकवर माणसं किती आणि बाहेर हवा कशी, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरत नाही. ते धक्क्यावर ठरतं. आणि धक्क्यावर त्या दिवशी उभी असलेली माणसं अशी होती, की ती बोट चुकली तर त्यांना दुसरा रस्ता नव्हता. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, आणि या सहाशे माणसांचं दुःख रायगड जिल्ह्यातल्या घराघरांत राहिलं, देशाच्या आठवणीत गेलं नाही. मला हे फार लागतं.

आजीचं एक म्हणणं वडील नेहमी सांगत: आषाढातला समुद्र दिसतो, कार्तिकातला दिसत नाही. बुडालेल्या बोटींच्या तारखा पाहिल्या तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा', विजेच्या दिव्यांमुळे लोक जिला 'वीजळी' म्हणत, ती 8 नोव्हेंबर 1888 ला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. आपल्या किनाऱ्यावर 11 नोव्हेंबर 1927 ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. 'जयंती'वरचं कोणीही वाचलं नाही. अलीकडे 'फयान' वादळ आलं तेही 11 नोव्हेंबरलाच, 2009 साली. भर पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरांतले वारे उलट दिशांनी जोरात वाहतात, त्यामुळे चक्रीवादळाला उभं राहता येत नाही. ते उठतं पावसाच्या आधी मे-जूनमध्ये किंवा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे बंदर उघडलेलं, हंगाम जोरात, बोटी भरलेल्या, अशा वेळी.

माझी चाल रेवसपासून सुरू झाली. पावसात गेटवे-मांडवा बंद असतं, पण भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच मिळते. दुर्गहून स्लीपरने मुंबई, तिथून ही लाँच, पुढे अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड. सॅकमध्ये दोन कपडे, प्लास्टिकचा मोठा कागद, चिवडा. मुरूडला जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर झापं. आगरदांड्याच्या जेट्टीवर चहावाल्याने सांगितलं, "ताई, तीन नंबरचा बावटा लागलाय, तर आज सुटायची नाही." समोर खाडीपलीकडे दिघी अंधुक दिसत होतं. तरीने काही मिनिटांचं अंतर, आणि रस्त्याने गेलं तर म्हसळ्याकडून मोठा वळसा. मी तिथेच एका घरी राहिले. जेवणात भात, सुक्या बांगड्याचं कालवण आणि सोलकढी. त्या घरातल्या मावशींनी 'रामदास'मध्ये गेलेल्या आपल्या चुलत्याचं नाव घेतलं. त्यांचा जन्म त्यानंतरचा, पण नाव त्यांच्या तोंडी घरातल्या माणसासारखं होतं.

श्रीवर्धनात 3 जून 2020 च्या 'निसर्ग' वादळाच्या खुणा अजून वाड्यांत आहेत. सुपारीची रोपं नव्याने लावलेली, उंच झाडांच्या जागा रिकाम्या. रोठा सुपारीसाठी नाव असलेलं हे गाव. रोप लावल्यावर सुपारी धरायला काही वर्षं जातात, तोवर बागाईतदाराने काय खायचं हा प्रश्न असतोच. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा उधाणामुळे बंद होती. पुढे बाणकोटची खाडी बागमांडल्याहून फेरीने ओलांडली, वेसवी, केळशी, दापोली आणि दाभोळ.

किनाऱ्याची बोटसेवा गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपली. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सबंध मार्गाने सुरू झाली आणि माणसांना वाटलं, आता पावसाळ्याला रस्ता मिळाला. वडील त्याच वर्षी ऐन आषाढात कणकवलीला उतरले होते आणि लहान मुलासारखे खूश होते. पण 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी करंजाडीला पुन्हा अपघात झाला. तेव्हापासून कोकण रेल्वे पावसाचे महिने वेगळं वेळापत्रक चालवते. गाड्या हळू जातात, घाटातल्या कापांवर गस्तीवाले दिवसरात्र रूळ पाहत फिरतात. ज्या किनाऱ्यावर तांडेल पौर्णिमेपर्यंत थांबायचे तिथे रेल्वेनेही शेवटी हवेचं ऐकलं, आणि त्यासाठी इतकी माणसं जावी लागली.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे पूल व्हायचे आहेत. ते झाले की आगरदांड्याला कोणाला अडकून पडावं लागणार नाही, आणि ते चांगलंच आहे. पाण्यापलीकडे दवाखाना असलेल्या गावांना पूल हवाच. माझा गुहागर ते देवगड हा टप्पा उरला आहे. तो पुढच्या श्रावणात करायचा असं ठरलं आहे, आणि आगरदांड्याच्या मावशींनी त्याआधी पुन्हा त्यांच्याकडे येऊन त्यांच्या चुलत्याची गोष्ट नीट लिहून घ्यायला सांगितलं आहे.