दप्तर, नक्कल आणि साक्ष : महाराष्ट्रातील कागदपत्रांच्या जतनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

घरातील व व्यवसायातील महत्त्वाच्या कागदपत्रांचे जतन हा विषय सामान्यतः व्यवहारज्ञानाचा मानला जातो. कागद कपाटात ठेवावेत, कपाटाला कुलूप असावे, एवढ्यावर त्याची चर्चा संपते. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र हा प्रश्न इतका साधा नव्हता, असे दिसून येते. वतन, इनाम, कर्ज, वारसा या प्रत्येक बाबतीत कुटुंबाचे भवितव्य एखाद्या कागदावर अवलंबून असे. तो कागद आग, पाऊस, वाळवी, लूट आणि बनावट यांपासून वाचविण्यासाठी मराठी समाजाने काही निश्चित पद्धती निर्माण केल्या होत्या. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा अठराव्या शतकापासून आढावा घेतला असून, कागद कुलपापेक्षा मांडणी, नक्कल आणि साक्ष या तीन गोष्टींनी अधिक टिकतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या दप्तरावर एकाच पक्षाचा ताबा राहिला, ते दप्तर कितीही भक्कम जागी असले तरी असुरक्षितच ठरले, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

हुजूर दप्तर : मांडणीची शिस्त

पेशव्यांचे हुजूर दप्तर पुणे येथे होते. एकबेरीज दप्तर आणि चालते दप्तर हे त्याचे प्रमुख भाग होत. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती असत, तर एकबेरीज दप्तरात निरनिराळ्या खात्यांच्या हिशेबांचे गोषवारे तयार होत. भरभराटीच्या काळात या दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत.

या दप्तराचे सामर्थ्य कारकुनांच्या संख्येपेक्षा नोंदीच्या पद्धतीत होते. रोजच्या घडामोडी प्रथम रोजकीर्दीत येत. रोजकीर्दीतील बाबी पुढे विषयवार किंवा गाववार वेगळ्या काढून घडणीत मांडल्या जात. म्हणजे एकच बाब दोन वाटांनी शोधता येई : दिवस ठाऊक असेल तर रोजकीर्दीतून आणि गाव ठाऊक असेल तर घडणीतून. कागदांचे पुडके कापडी रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती. रुमाल धूळ अडवितो, हवा मात्र पूर्णपणे कोंडत नाही. आपल्याकडील दमट पावसाळ्यात ही गोष्ट महत्त्वाची होती.

बनावट रोखण्याची व्यवस्था कागदाच्या अंगावरच केलेली असे. मजकूर संपला की तेथेच मोर्तबाचा शिक्का उमटवीत, जेणेकरून त्याखाली नवी ओळ घुसडता येऊ नये. लांब महजरासाठी कागदास कागद चिकटवीत, तेव्हा पाठीमागील सांध्यांवर शिक्के करीत. सांधा उकलून मधला बंद बदलला, तर शिक्का जुळत नसे. पत्रावरील 'रुजू', 'बार' यांसारखे शेरे ते पत्र कोणत्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेले आणि दप्तरी नोंदले गेले, याची खूण असत. कागदाची सत्यता अशा रीतीने एका व्यक्तीच्या शब्दावर न ठेवता अनेक हातांमध्ये विभागलेली होती.

नाना फडणीसांच्या काळापर्यंत ही शिस्त टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढासळली आणि १८१८ नंतर इंग्रजी अमलात ते दप्तर नव्याने लावण्याची वेळ आली. कागद तेच होते, परंतु मांडणी विस्कटताच ते निरुपयोगी होऊ लागले होते.

अस्सल घरी, नक्कल सरकारात

मराठी राज्यातील इनामपत्रांच्या अखेरीस एक ठरावीक सूचना आढळते. तिचा आशय असा की, अधिकाऱ्याने या पत्राची नक्कल लिहून घ्यावी, मूळ पत्र मात्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे आणि दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरू नये. वरवर पाहता ही केवळ कारकुनी सूचना वाटते. प्रत्यक्षात तीत जतनाचे एक संपूर्ण तत्त्व सामावलेले आहे.

इनाम दिले की त्याविषयीची पत्रे स्वतः इनामदार, गावचा मोकदम, परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि सरकारी अंमलदार अशा निरनिराळ्या ठिकाणी जात. हुजुरात त्याची नोंद होई ती वेगळीच. इनामदाराचे घर जळाले तरी देशपांड्याच्या घरी आधार सापडे. देशपांड्याने लबाडी करावी म्हटले तरी मोकदमाकडील पत्र त्याच्या आड येई. घरचे दप्तर आणि सरकारी दप्तर एकमेकांना जामीन होते.

सर्वच आधार नष्ट झाले तर समाजाची स्मृती उपयोगी पडे. धामधुमीत कागद जळाल्याची किंवा लुटले गेल्याची कैफियत वतनदार मांडी, गोतसभा बसे, शेजारच्या गावचे पाटील व बलुतेदार साक्ष देत आणि त्यावरून महजर तयार होई. नष्ट झालेला कागद साक्षीतून पुन्हा जन्म घेई. अर्थात या व्यवस्थेचा लाभ मुख्यतः वतनदारांना मिळत होता. ज्याच्यापाशी वतन नाही, त्याच्या नावाचा कागद सहसा निर्माणच होत नसे. ही मर्यादा नजरेआड करून चालणार नाही.

सावकाराची पेढी : हुंडी आणि खत

व्यापारातही हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिच्याऐवजी 'पेठ' लिहून देत. पेठही हरवली तर 'परपेठ' देत. रक्कम चुकती झाली की ती हुंडी 'खोका' म्हणून जमा होई, त्यामुळे एकाच रकमेची दोनदा वसुली होण्यास वाव राहत नसे. लिहून देणारा आणि पैसे चुकविणारा, दोघांच्याही वह्यांत नोंद असे. कागद हरवणारच, हे गृहीत धरून ही पद्धत उभारलेली होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होणाऱ्या वहीपूजनामागे श्रद्धा आहेच. परंतु वर्षाची वही बंद करून नवी उघडण्याचा दिवस निश्चित असणे, ही हिशेबाचीही शिस्त आहे.

कर्जखताची गोष्ट मात्र वेगळी होती. खत सावकारापाशी राही आणि कुळाच्या हाती बहुधा काहीच नसे. खत वाचता येत नसल्याने त्यात काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आली, तेव्हा मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची प्रथा रूढ झाली. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही आणि जुने खतही परत मिळत नाही, ही कुळांची नेहमीची तक्रार होती.

या एकतर्फी दप्तराचा शेवट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसला. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. या उठावाचे वैशिष्ट्य असे की, रोख मुख्यत्वे माणसांवर नव्हता, तो खते आणि हुकूमनाम्यांवर होता. जेथे कागद निमूटपणे स्वाधीन झाले, तेथे बहुधा पुढील हिंसा झाली नाही. शेतकऱ्यांना ते कागद वाचता येत नव्हते. त्यांचे सामर्थ्य मात्र ते पुरते ओळखून होते. अविद्येमुळे शेतकऱ्याची होणारी नागवणूक महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात मांडली, तिची पार्श्वभूमी हीच होय.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या रोगाचे निदान बऱ्याच अंशी अचूक केले. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा आणि मागणी केल्यास पासबुक द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. याचा अर्थ नक्कल आणि साक्ष ही जुनी तत्त्वेच सरकारला कायद्याने परत आणावी लागली. अंमलबजावणीत या कायद्याला अनेक पळवाटा फुटल्या, हेही खरे आहे.

इनाम कमिशन आणि बंद दप्तर

दरम्यान इनामदारांच्या घरच्या दप्तरांवरही संकट आले होते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला वैधानिक अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांचा उपभोग सिद्ध करण्याची जबाबदारी इनामदारांवर येऊन पडली. पूर्वी घरचे आणि सरकारचे दप्तर एकमेकांस पूरक होते, आता सरकारी दप्तर घरच्या दप्तराची उलटतपासणी करू लागले. देशपांडे, कुलकर्णी आदी वतनदारांकडील पुष्कळ कागद सरकारात जमा झाले. पुणे येथील पुराभिलेखागारात ते 'जमाव' या नावाने ओळखले जातात.

हे सारे दप्तर पुढे एलिएनेशन ऑफिसच्या ताब्यात राहिले. १८९१ पासून ते पुण्यात स्वतंत्र दगडी इमारतीत आहे. कुलपाच्या दृष्टीने यापेक्षा सुरक्षित जागा नव्हती. मात्र अभ्यासकांना तेथे दीर्घकाळ मुक्त प्रवेश नव्हता. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून केलेली निवड हा ठळक अपवाद होय. पुढे सर यदुनाथ सरकार यांच्या आग्रहाने आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

दार बंद असल्यामुळेच वि. का. राजवाडे यांच्यासारखे संशोधक घराघरांतील दप्तरांकडे वळले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत पटवर्धनांचे दप्तर हाती घेतले. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कारी येथील जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली आणि शिवजन्माच्या तिथीविषयीच्या वादास नवे वळण मिळाले. एका देशमुखाच्या घरी जपलेला कागद साऱ्या महाराष्ट्राचा ठेवा ठरला, तो नक्कल होऊन छापला गेल्यामुळे. घरातच राहिला असता तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

वाचकाविना कागद

ग्रामीण भागात फिरताना प्रस्तुत लेखकास अनेक घरी देव्हाऱ्याजवळ ठेवलेले जुने बस्ते दाखविण्यात आले आहेत. दसऱ्याला त्यांवर हळदकुंकू वाहतात, परंतु गाठ दोन-तीन पिढ्यांत सुटलेली नसते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी लिपी शाळेतून गेली आणि घरात कागद राहिला तरी त्याचा वाचक राहिला नाही. ज्या कागदात काय आहे हे घरात कोणासही ठाऊक नाही, तो वाळवीने खाल्ला तरी कळत नाही, आणि रद्दीत गेला तरी खंत वाटत नाही.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या महसुली, शैक्षणिक व अन्य नोंदींतून 'कुणबी' अशा उल्लेखांचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडी वाचू शकणाऱ्यांची निकड एकाएकी सर्वांच्या ध्यानात आली. आरक्षणाच्या प्रश्नावर मते काहीही असोत, शंभर वर्षांपूर्वीच्या एका नोंदीवर आजच्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून राहू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सूची नसलेले दप्तर हे दप्तर नसून ढीग होय. घरातील खरेदीखत, मृत्युपत्र, विमापत्र, शैक्षणिक दाखले किंवा दुकानाच्या वह्या यांची एक पानी सूची असावी आणि ती घरातील एकाहून अधिक व्यक्तींना ठाऊक असावी. दुसरा निष्कर्ष असा की, नक्कल मूळ कागदाच्या शेजारी ठेवल्यास ती नक्कल नव्हे, कारण आग दोहोंना सारखीच गिळते. २०१५ पासून डिजिलॉकरसारख्या सोयी उपलब्ध झाल्या आहेत. तथापि सर्व कागद केवळ एका भ्रमणध्वनीत असणे म्हणजे एकाच पेटाऱ्यात असणे होय. तिसरा निष्कर्ष जुन्या कागदांविषयीचा आहे. त्यांना प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये, स्वच्छ सुती कापडात कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराकडून त्यांचे वाचन करून घ्यावे.

महाविद्यालयांचे कर्तव्य येथेच सुरू होते. इतिहास विभागांनी मोडीचे वर्ग चालवावेत आणि विद्यार्थ्यांकडून त्यांच्या घरच्या कागदांची सूची व छायाचित्रे तयार करून घ्यावीत. मूळ कागद मात्र मालकाच्या घरीच परत जावा. नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल परत द्यावे, ही मराठी राज्यातील कारकुनाची सूचना आजही तितकीच शहाणपणाची आहे. सुप्याच्या बाजारात जळालेली खते आणि बस्त्यात न वाचता कुजणारे कागद यांचे दुखणे एकच आहे : ज्याचे जीवन त्या कागदाने बांधले गेले, त्यालाच तो वाचता आला नाही.