लोकर बदलली, तर माप कसे साधावे?

परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीतील रात्री तापमान अनेकदा एक आकडी होते. दुपारी मात्र ऊन जाणवते. साहजिकच येथे जाडजूड स्वेटरपेक्षा पातळ, सुटसुटीत विणकाम अधिक उपयोगी पडते. पुस्तकातील कृतीत सांगितलेली लोकर परभणी, जिंतूर वा गंगाखेडच्या दुकानात मिळेलच असे नाही. मग ॲक्रिलिक लोकर किंवा सुती धागा घेतला जातो. टाके कृतीबरहुकूम घातले, तरी तयार स्वेटर छातीला आवळतो किंवा खांद्यावरून उतरतो आणि महिनाभराचे श्रम वाया जातात. हा दोष बहुधा हाताचा नसून टाक्यांचे प्रमाण न तपासल्याचा असतो.

दोन टाक्यांचा फरक

१० सेंटिमीटर रुंदीत किती टाके व तितक्याच उंचीत किती ओळी बसाव्यात, हे कृतीच्या आरंभी दिलेले असते. चार-प्लाय लोकरीसाठी सर्वसाधारणपणे २८, तर डबल निटिंगसाठी २२ टाके धरतात. समजा, कृतीत २२ टाके आहेत आणि स्वेटरचा घेर ९० सेंटिमीटर हवा आहे. तर १९८ टाके लागतील. नव्या लोकरीचे २० टाके बसले, तर तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर भरतात. २४ बसले, तर घेर ८२.५ सेंटिमीटरवर येतो.

नमुना विणावा, धुवावा, मग मोजावा

नव्या लोकरीचा सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन कृतीतील विणीनेच विणावा. स्वेटर जसा धुतला जाणार, तसाच तो धुवून सपाट वाळवावा आणि मधले १० सेंटिमीटर मोजावेत. कडा मोजू नयेत. अर्धा टाकाही सोडू नये. टाके जास्त भरले, तर जाड सुई घ्यावी. कमी भरले, तर बारीक. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकी क्रमांक याच्या उलट असून तेथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. म्हणून मिलिमीटरच पाहावेत.

हिशेब नव्याने

सुई बदलल्याने वीण ताठ किंवा जाळीदार होत असेल, तर सुई न बदलता टाके बदलावेत. १० सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील, तर ९० सेंटिमीटरसाठी २१६ टाके घ्यावेत. दोन सुलट, दोन उलट अशा गोल विणलेल्या बॉर्डरसाठी संख्येला ४ ने भाग जावा लागतो. २१६ ला तो जातो. कृतीत अनेक मापे दिली असल्यास ज्या मापाचे टाके या संख्येच्या जवळ असतील, त्या मापाचे टाके घ्यावेत आणि लांबी मात्र आपल्या मापाची ठेवावी.

ओळींकडे सहसा दुर्लक्ष होते. कृतीत १० सेंटिमीटरला ३० ओळी असतील, तर २० सेंटिमीटरच्या मुंढ्यासाठी ६० ओळी लागतात. नव्या लोकरीच्या ३२ ओळी बसत असतील, तर ६० ओळींत मुंढा १८.७५ सेंटिमीटरच होतो व काखेत काचतो. तेथे ६४ ओळी हव्यात.

धाग्याचा स्वभाव

कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात सुती धाग्याचा पर्याय सहज सुचतो. परंतु सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. त्याचे वजन अधिक असते आणि वापरात कपडा लांबतो. म्हणून सुती नमुना वाळल्यावर खाली चिमटे लावून एक दिवस टांगावा व नंतर मोजावा. बॉर्डरसाठी अधिक बारीक सुई वापरावी. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवल्यास ते कायमचे सैल पडते. शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळल्यास आटते.

वजन नव्हे, लांबी

लोकर किती घ्यावी, हे ग्रॅमवरून ठरवू नये. कृतीत १२० मीटरचे १० गुंडे असतील, तर एकूण १२०० मीटर लागतात. नवा गुंडा १०० मीटरचा असेल, तर १२ गुंडे घ्यावेत. नमुन्यासाठी एक गुंडा अधिक धरावा आणि सर्व गुंड्यांवरील रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे, याची दुकानातच खात्री करून घ्यावी.