हद्दीपलीकडची खंजिरी

लोकसंगीताला नवे रूप देणे ही आजच्या बँडवाल्यांची कल्पना, असे मानायची रीत पडली आहे. पांढुर्णा-सौंसरचा इतिहास तसे म्हणू देत नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला; तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी भजने मात्र हद्दीला जुमानणारी नव्हती. जुन्याच वाद्यावर त्यांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, स्वातंत्र्य हे विषय चढवले आणि मराठीबरोबर हिंदीतही रचना केल्या. दुभाषी मुलखाला ते सोयीचेच. हे संगीत नव्हे, प्रचार होता, असा आक्षेप येईल. पण खडी गंमत या लोकनाट्यातला शाहीरही ढोलकी-तुणतुण्यावर गावाला चार गोष्टी सुनावतच असे. आणि १९४२ मध्ये इंग्रजांनी महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात डांबले, ते काही भजने निरुपद्रवी वाटली म्हणून नव्हे.